चोचीतून शिट्टी: ९०९३ नंबरच्या किटलीचं प्रकरण

१९८५ साली आलेस्सी या इटालियन कंपनीने स्टीलची एक किटली बाजारात आणली, मॉडेल नंबर ९०९३. डिझाइन मायकल ग्रेव्हज या अमेरिकन आर्किटेक्टचं. खाली पसरट आणि वर निमुळती होत गेलेली, वर निळ्या मुठीची कमान, आणि तोटीच्या टोकावर बसलेलं एक छोटं लाल पाखरू, जे पाणी उकळलं की शिट्टी मारतं. बास, एवढंच आहे ते. पण हीच किटली पुढे दहा लाखांहून जास्त विकली गेली, इतकी वर्षं झाली तरी अजून बनते, म्युझियमच्या संग्रहात जाऊन बसली आणि त्याच वेळी साध्या घरांतल्या शेगडीवरही रोज तापत राहिली, आणि हे दोन्ही एकाच वस्तूच्या नशिबी येणं फार म्हणजे फारच विरळा.

रोजच्या वापरातल्या मजेदार, नीट विचार करून बनवलेल्या वस्तू हा माझा जिव्हाळ्याचा विषय. कुणाला काय भेट द्यावी असं कुणी विचारलं की मी नेहमी या किटलीचीच गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळं आहे, कंपनीची गरज, डिझायनरचा हट्ट, भौतिकशास्त्र, दुकानातली विक्री, आणि शेवटी माणसाचं सकाळचं तोंड वाकडं असणं. तर एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना ते तपासता येईल: गंमत वस्तूच्या कामातच मुरलेली असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते, कामाच्या शेजारी नुसती चिकटवलेली असेल तर चार दिवसांत शिळी होते. वस्तू सुंदर आहे की नाही, महाग आहे की स्वस्त, नामवंत माणसाची आहे की नाही, हे सगळं त्याच्यानंतर.

आधी काय चाललं होतं

आलेस्सी ही १९२१ साली जोव्हान्नी आलेस्सी यांनी सुरू केलेली कंपनी, उत्तर इटलीत ओर्ता तलावाकाठी ओमेन्या नावाचं गाव आहे तिथली. धातूकाम हा मूळ धंदा, ट्रे, भांडी, हॉटेलात आणि बारमध्ये लागणारं सामान. १९७० साली त्यांचा नातू आल्बेर्तो आलेस्सी कंपनीत आला. कायद्याची पदवी घेतलेला माणूस, पण त्याच्या डोक्यात हे पक्कं होतं की घरातली भांडी नुसती भांडी नसतात, माणूस त्यांच्याशी काहीतरी नातं जोडतो. त्याने कारखान्यातल्या कारागिरांच्या जोडीला बाहेरचे आर्किटेक्ट आणि डिझायनर आणायला सुरुवात केली.

१९८३ साली दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही या प्रकरणाला लागू आहेत. एक म्हणजे कंपनीने अकरा आर्किटेक्टांना सांगितलं की चहा-कॉफीचा एक सेट करा, पण तो छोटा चौक आहे आणि भांडी म्हणजे त्यातल्या इमारती आहेत असं समजून करा. चांदीचे सेट, प्रत्येकी ९९ नग, म्हणजे ते श्रीमंतांनी आणि म्युझियमांनीच घ्यायचे. त्या अकरांत मायकल ग्रेव्हज होता. ग्रेव्हज तेव्हा गाजत होता, कारण आदल्याच वर्षी त्याची पोर्टलंड बिल्डिंग उभी राहिली होती, रंगीत, सजवलेली, काहींना अतिशय आवडलेली आणि काहींना अजिबात न आवडलेली. सपाट काचेच्या इमारतींना कंटाळलेला माणूस होता तो.

दुसरी गोष्ट म्हणजे रिचर्ड झापर या जर्मन डिझायनरची किटली, नंबर ९०९१, तीही १९८३ची. झापर म्हणजे १९७२चा टिझिओ दिवा करणारा आणि पुढे आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपचं रूप ठरवणारा माणूस. त्याला किटलीची ती कर्कश एकसुरी किंकाळी सहन व्हायची नाही, म्हणून त्याने तोटीत पितळेच्या दोन छोट्या नळ्या बसवल्या, वाद्यं जुळवायला ज्या सुरांच्या पट्ट्या वापरतात त्याच जातीच्या, आणि पाणी उकळलं की दोन सूर एकत्र लागायचे, जुन्या आगबोटीच्या भोंग्याची आठवण होईल असे. फार सुंदर कल्पना. घुमटासारखी चकचकीत किटली आणि आतून संगीत.

आता अमेरिकेच्या बाजारासाठी कंपनीला एक किटली हवी होती, ती लवकर उकळावी, मूठ हातात धरता यावी, आणि झापरच्या किटलीपेक्षा बनवायला स्वस्त असावी. हे काम ग्रेव्हजकडे गेलं. म्हणजे बघा, आधी चांदीचे ९९ सेट करणारा माणूस, आता त्यालाच सांगितलंय की लाखो लोकांना परवडेल आणि रोज वापरता येईल असं काहीतरी दे. माझ्या मते इथेच प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू होतं, कारण मर्यादा आल्या की खेळकरपणाला आधार मिळतो, मोकळं रान दिलं की तो भरकटतो, आणि याचा पुरावा पुढे स्टार्क नावाच्या दुसऱ्या एका डिझायनरच्या किटलीत येणार आहे.

ग्रेव्हजने काय केलं

आकार शंकूसारखा, तळ रुंद. रुंद तळाला आच जास्त मिळते म्हणून पाणी लवकर तापतं, आणि वजन खाली राहिल्याने किटली डगमगत नाही. लहान मुलाला घर काढायला सांगितलं तर ते जितक्या कमी रेघांत काढेल तितक्या कमी रेघांत ही किटली काढता येते, आणि मला वाटतं तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटतो त्याचं निम्मं कारण हे आहे. मूठ निळी, मुठीच्या दोन्ही टोकांना लालसर गोळे. निळं म्हणजे गार, इथे धरा. लाल म्हणजे गरम, जपून. हे कुठे लिहिलेलं नाही, शिकवावंही लागत नाही, हात आपोआप निळ्यावर जातो. खालच्या कडेला उठावदार टिपक्यांची एक ओळ आहे, तिचं काही काम नाही, ती नुसती सजावट आहे, पण त्या ओळीमुळे मशीनमधून निघालेलं भांडं हाताने केल्यासारखं वाटतं.

आणि मग ते पाखरू.

पाखराबद्दल लिहायचं तर आधी शिट्टीबद्दल लिहावं लागेल. किटलीच्या शिट्टीत साधारण दोन पातळ चकत्या असतात, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, दोन्हींना मधोमध भोक, आणि वाफ पहिल्या भोकातून घुसून दुसऱ्यातून बाहेर पडते. यातून आवाज नेमका कसा येतो हा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला, लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८७७ साली ध्वनीवरच्या आपल्या ग्रंथात याचा विचार केला होता, पण पूर्ण उलगडा २०१३ साली झाला, केंब्रिजमध्ये रॉस हेन्रीवूड आणि अनुराग अगरवाल यांनी केलेल्या प्रयोगांतून. त्यांना आढळलं की वाफेचा जोर कमी असताना शिट्टी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी वागते, आणि एका ठराविक वेगाच्या पुढे वाफेच्या झोतात बारीक भोवरे तयार होऊन ऑर्गनच्या नळीसारखा सूर लागतो. म्हणजे हे ध्यानात घ्या की आवाज काढणारं यंत्र कुठल्याही साध्या किटलीत तेच असतं. ग्रेव्हजच्या पाखराने भौतिकशास्त्रात काहीच भर घातलेली नाही. आवाज खऱ्या पक्ष्यासारखाही नाही, किटलीसारखाच आहे.

मग त्याने केलं काय? त्या आवाजाला तोंड दिलं. साधी शिट्टी वाजते तेव्हा ती हुकूम असते, ऊठ, गॅस बंद कर, आत्ताच्या आत्ता. तोच आवाज चोचीतून आला की कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. आवाज तोच, आपण उठणार तेही तेच, पण उठतानाची मनःस्थिती बदलते. ग्रेव्हज स्वतः एक किस्सा सांगायचा, फ्रान्समधल्या एका कवीने त्याला पोस्टकार्ड पाठवलं होतं, की मी सकाळी भयंकर वैतागलेला असतो, पण ही किटली गायला लागली की नाइलाजाने हसू येतं, आणि त्याबद्दल त्याने ग्रेव्हजला प्रेमाने एक शिवीही हासडली होती. मला हा सगळ्यात मोठा अभिप्राय वाटतो, कारण त्यात डिझाइनचं कौतुक कुठेच नाही, सकाळचं कौतुक आहे.

आणि अजून एक, ती गंमत कधी घडते ते बघा. किटलीचं काम जेव्हा पुरं होतं त्याच क्षणी. आधी नाही, नंतर नाही. पाणी ठेवलं, वाट पाहिली, आपण दुसऱ्या कामात विसरून गेलो, आणि काम झाल्याची बातमीच गमतीच्या रूपात आली. म्हणून ती रोज नव्याने घडते. शोपीसची गंमत आपण बघू तेव्हाच असते, आणि आपण बघायचं थांबतो. ही किटली मात्र आपल्याला बघायला लावते.

दुकानात कोणी पाणी उकळत नाही

हा मुद्दा मला या प्रकरणात सर्वात जास्त आवडतो आणि तो फारसा कुणी बोलत नाही. झापरची किटली आणि ग्रेव्हजची किटली, दोन्हींची गंमत आवाजात आहे, दोन्ही कामाच्या क्षणीच वाजतात, मग सामान्य लोकांपर्यंत ग्रेव्हजची जास्त का पोचली? किमतीचा भाग आहेच, नाकारत नाही. पण दुकानातल्या शेल्फसमोर उभं राहून विचार करा. तिथे शेगडी नाही, पाणी नाही, वाफ नाही. झापरचं संगीत तिथे मुकं आहे, ते कुणीतरी सांगावं लागतं, किंवा खोक्यावर वाचावं लागतं. पाखरू मात्र गप्प बसलेलं असूनही सांगतं की मी वाजणार आहे. तोटीच्या टोकावर पक्षी दिसला की पाच वर्षांचं मूल पण ओळखेल पुढे काय होणार ते. म्हणजे ती गंमत एकदा वस्तू बघताना मिळते आणि मग दर वेळी वापरताना मिळते, आणि पहिली गंमत दुसरीचं आश्वासन असते. आश्वासन खरं निघालं की विश्वास बसतो.

भेटवस्तूच्या बाबतीत तर हे अगदी तंतोतंत लागू आहे. भेट उघडली जाते त्या खोलीत पण पाणी उकळत नसतं ना. सगळे बघतायत, कागद फाडला जातोय, देणाऱ्याचे डोळे घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर. त्या अर्ध्या मिनिटासाठी काहीतरी हवं असतं, आणि पुढच्या हजार सकाळींसाठी काहीतरी वेगळंच हवं असतं. २०१४ साली बास्किन, वाक्सलॅक, ट्रोप आणि नोव्हेम्स्की या चौघांचा एक अभ्यास ग्राहकांच्या वागण्यावरच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात आला होता, त्याचं सार असं की देणारा माणूस वस्तू किती आकर्षक आहे हे बघतो आणि घेणारा माणूस ती वापरायला किती सोयीची आहे हे बघतो. २०१६ मध्ये गलाक, गिव्ही आणि विल्यम्स यांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेऊन हेच जरा वेगळ्या बाजूने मांडलं, की देणाऱ्याचं लक्ष भेट हातात पडण्याच्या क्षणावर असतं आणि घेणाऱ्याचं लक्ष ती वस्तू घरात राहील त्या सगळ्या काळावर. दोघांची घड्याळंच वेगळी. बहुतेक गमतीशीर भेटवस्तू या फटीत पडून मरतात, उघडताना हशा आणि मग कपाटात. ९०९३ ही फट भरून काढते, आणि तेही एकाच छोट्या लाल भागाने, म्हणून मी या किटलीच्या इतकी प्रेमात आहे.

तिचे दोष

दोष नाहीत असं नाही. शिट्टी तोटीच्या तोंडातच बसते, त्यामुळे पाणी ओतायचं तर पाखरू काढावं लागतं, आणि ते नेमकं वाफेच्या तोंडाशी. काही सेकंद थांबून, कापड घेऊन काढलं तर काही प्रश्न नाही, पण घाईत बोटाला चटका बसू शकतो. झापरने ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली होती, त्याच्या किटलीत मुठीपाशी खटका आहे, दाबला की तोटी उघडते, हात वाफेजवळ जातच नाही. इंजिनियरचं डोकं. कामाच्या शुद्ध हिशेबात झापरची सरस आहे असंच मी म्हणेन. शिवाय किटली मोठ्या आचेवर ठेवली आणि ज्वाळा तळाच्या बाहेर येऊन कडेने वर चढायला लागल्या तर प्लास्टिकचे भाग तापणारच, ते कुठल्याही किटलीला लागू आहे, पण रंगीत भाग जास्त असले की जपावंही जास्त लागतं.

हे दोष लोक का सहन करतात याचंही एक उत्तर आहे. १९९५ साली जपानमध्ये कुरोसु आणि काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या बटणांच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या, आणि लोकांना ज्या मांडण्या दिसायला छान वाटल्या त्याच त्यांना वापरायलाही सोप्या वाटल्या, प्रत्यक्षात त्या सोप्या असोत वा नसोत. पुढे इस्राएलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी हाच प्रयोग करून बघितला, त्यांचा अंदाज होता की तिथे असं काही निघणार नाही, आणि तिथे तर हा संबंध आणखी घट्ट निघाला. म्हणजे आवडलेल्या वस्तूला आपण सांभाळून घेतो. पण ही उधारी आहे, कायमची माफी नाही, आणि ती कुठे संपते हे बघायचं तर त्याच कंपनीची पुढची किटली बघा.

भावंडांची गोष्ट

१९९० साली फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरची हॉट बर्टा नावाची किटली आलेस्सीने आणली. ॲल्युमिनियमचं धड, आणि एक तिरका दांडा त्यातून आरपार गेलेला, त्याचं एक टोक मूठ आणि दुसरं टोक तोटी. फोटोत बघितली तर श्वास रोखला जातो इतकी देखणी. वापरायला मात्र भरायची कशी, ओतायची कशी, हात भाजणार नाही ना, सगळीच पंचाईत. १९९७ साली तिचं उत्पादन थांबलं. आल्बेर्तो आलेस्सी या किटलीला मोकळेपणाने फसलेला प्रयोग म्हणतो, आणि अभिमानाने म्हणतो, कारण अशा फसगतींतूनच शक्याशक्यतेची सीमा कुठे आहे ते कळतं असं त्याचं मत आहे. मला हे मनापासून पटतं. ग्रेव्हजची किटली आणि ही किटली शेजारी ठेवली की दिसतं, एका ठिकाणी कल्पना पाणी उकळण्याच्या क्रियेतून निघालीय, दुसऱ्या ठिकाणी कल्पना आधी आली आणि पाण्याला सांगितलं गेलं की तू आता यात मावून दाखव.

स्टार्कचीच त्याच वर्षीची दुसरी वस्तू जगभर माहीत आहे, ज्यूसी सॅलिफ, लिंबू पिळायचा तो तीन लांब पायांचा ॲल्युमिनियमचा प्राणी, उंची २९ सेंटीमीटर. कंपनीने खरं तर त्याला ट्रे करायला सांगितला होता. तो काप्राया बेटावर सुट्टीत जेवायला बसला होता, समोर माखली आली, तिच्यावर लिंबू पिळता पिळता त्याने टेबलावरच्या कागदावर चित्रं काढायला घेतली, माखलीचं हळूहळू लिंबू पिळायचं साधन झालं, आणि तो कागद त्याने आल्बेर्तोला पाठवून दिला. तो कागद कंपनीने जपून ठेवलाय. आता हे साधन लिंबू पिळतं का? पिळतं. पण बिया अडवायला जाळी नाही, रस पायांवरून ओघळतो, आणि खाली भांडं बरोबर मध्ये ठेवावं लागतं. २००० साली दहा वर्षं झाली म्हणून सोन्याचा मुलामा दिलेला काढला, तर त्यावर लिंबू पिळायचंच नाही, कारण लिंबातल्या आम्लाने मुलामा खराब होतो. डिझाइनवर आयुष्यभर लिहिणाऱ्या डॉन नॉर्मन यांच्या घरी हा सोनेरी नग दारातून आत आल्या आल्या ठेवलेला असायचा, बघण्यासाठी, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय, आणि वापराच्या सोयीबद्दल त्यांच्याइतका आग्रही माणूस शोधून सापडणार नाही.

पण ज्यूसी सॅलिफला निकालात काढायची घाई मी करणार नाही. स्टार्कने तिच्याबद्दल जे सांगितलंय ते फार गोड आहे. त्याचं म्हणणं असं, की नवीन लग्न झालेलं जोडपं आहे, मुलाचे आई-वडील पहिल्यांदा घरी आलेत, बापलेक मॅच बघायला बाहेरच्या खोलीत, आणि सासू आणि सून स्वयंपाकघरात एकट्या, दोघी अवघडलेल्या, काय बोलावं कळत नाही, अशा वेळी ओट्यावर हे असलं विचित्र काहीतरी असलं की हे काय गं बाई असं विचारलं जातं आणि बोलणं सुरू होतं. म्हणजे लिंबू पिळणं हे तिचं कामच नाही, बोलणं सुरू करून देणं हे काम आहे. या कसोटीवर ती शंभर टक्के पास होते. फक्त हे काम एका घरात किती वेळा निघणार? नवीन पाहुणा आला की, बस. म्हणून ज्यांच्या घरी सतत नवी माणसं येतात त्यांना ही भेट शोभते, आणि ज्यांना रोज लिंबू पिळायचंय त्यांना नाही. मी लोकांना हेच सांगते, वस्तू वाईट नाही, पत्ता चुकतो.

याच घरातलं तिसरं उदाहरण माझ्या मुद्द्याला अगदी चपखल बसतं. १९९४ साली आलेस्सान्द्रो मेन्दिनी या इटालियन डिझायनरने ॲना जी नावाचा कॉर्कस्क्रू, म्हणजे बाटलीचं बूच काढायचं साधन, केला, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी, खाली झगा. डोकं फिरवत गेलं की स्क्रू बुचात उतरतो आणि तिचे हात हळूहळू वर वर जातात, आणि मग ते हात खाली दाबले की बूच बाहेर. असे पंख असलेले कॉर्कस्क्रू आधीपासून होते, हात वर जाणं हे यंत्रात होतंच. मेन्दिनीने फक्त ते ओळखलं. जशी ग्रेव्हजने शिट्टीतली हाक ओळखली तशीच. मला वाटतं चांगला खेळकर डिझायनर गंमत आणून घालत नाही, वस्तूत आधीपासून लपलेली असते ती उघडी करतो.

मोजमाप

आल्बेर्तो आलेस्सीने नव्या वस्तूची कल्पना तोलायला एक सूत्र केलंय. चार बाबी, प्रत्येकीला पाचपैकी गुण: वस्तू मनाला, आठवणींना, कल्पनेला किती भिडते, ती घेणाऱ्याबद्दल इतरांना काय सांगते, काम कसं करते, आणि किंमत. पहिल्या दोन बाबी त्याच्या मते केंद्रस्थानी, काम आणि किंमत जरा कडेला. कारखान्याच्या मालकाने असं उघड लिहून ठेवणं मला धाडसाचं वाटतं. पण भेट निवडताना मला या सूत्रात एक गोष्ट कमी वाटते, ती म्हणजे वेळ. चारही बाबी एका क्षणी मोजलेल्या आहेत. ज्यूसी सॅलिफ आणि ग्रेव्हजची किटली, दोघींना पहिल्या दिवशी जवळपास सारखे गुण पडतील, आणि वर्षभराने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असेल. म्हणून मी स्वतःशी विचारते, ही वस्तू हातात घेणारा माणूस चिडलेला असेल, झोपेत असेल, एक हात ओला असेल, तेव्हा ही गंमत त्याच्या मध्ये येईल की त्याला साथ देईल? हे विचारलं की पुष्कळ वस्तू गळून पडतात. डोळे लावलेले कप ज्यांचे डोळे घासता येत नाहीत, प्राण्याच्या आकाराची भांडी ज्यांच्या कानात साबण अडकतो, उघडायला कोडं सोडवावं लागेल असे डबे. कोडं कोड्याच्या जागी मस्तच असतं, रोजच्या डब्याला नको.

ग्रेव्हजच्या पुढच्या आयुष्यातला एक भाग इथे सांगितलाच पाहिजे. २००३ साली एका संसर्गाने तो छातीपासून खाली लुळा झाला आणि राहिलेलं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. हॉस्पिटलमध्ये आणि पुनर्वसन केंद्रात असताना त्याच्या लक्षात आलं की त्या खोल्या बसलेल्या माणसासाठी केलेल्याच नाहीत, नळापर्यंत हात जात नाही, आरशात तोंड दिसत नाही, प्लग लावता येत नाही, आणि वर सगळं इतकं कुरूप की आजारी माणूस आणखी खचावा. त्यानंतर त्याने हॉस्पिटलचं फर्निचर आणि रुग्णांना न्यायची व्हीलचेअर यांवर काम केलं. काही लोक याला वळण म्हणतात, आधी खेळणी मग गंभीर काम. मला तसं अजिबात वाटत नाही. निळं म्हणजे इथे धरा, लाल म्हणजे जपून, आणि काम झालं की प्रेमाने हाक, हे सगळं किटलीत होतंच, त्याने तीच काळजी अशा ठिकाणी नेली जिथे तिची जास्त गरज होती. ज्याला वस्तूने माणसाशी नीट बोलावं असं वाटतं त्याला स्वयंपाकघर आणि हॉस्पिटल वेगळं नसतं.

भेट म्हणून द्यायची तर

ही किंवा अशीच शिट्टीची किटली कुणाला द्यायचा विचार असेल तर तीन गोष्टी आधी गुपचूप काढून घ्या. त्यांच्याकडे शेगडी कुठली आहे, कारण इंडक्शनवर चुंबकाला चिकटणाऱ्या तळाचीच किटली चालते आणि तसा तळ आहे का हे खोक्यावर बघावं लागतं. ते पाणी इलेक्ट्रिक किटलीत तापवतात का, कारण बटण दाबून आपोआप बंद होण्याची सवय लागलेला माणूस शेगडीवरच्या किटलीकडे परत येईलच असं नाही, आणि मग सुंदर पाखरू फडताळात. आणि घरात कुणाला ऐकायला कमी येतं का, कारण शिट्टी ऐकू न आल्याने पाणी आटून किटली कोरडी तापणं हे धोक्याचं आहे, त्या घराला आपोआप बंद होणारीच द्या, गंमत दुसऱ्या कशात तरी शोधू. लहान मूल असेल तर आधी आई-वडिलांशी बोला, लाल पाखरू मुलाला खुणावणार आणि ते नेमकं सगळ्यात गरम जागी बसलेलं आहे.

देताना पाखरू सुटं मिळतं हेही सांगा, खराब झालं किंवा हरवलं तर सगळी किटली टाकायची नाही. माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण ज्या भागावर वस्तूचा सगळा जीव आहे तोच आधी झिजतो, आणि तो बदलून मिळत नसेल तर भेट एक दिवस अर्धी होऊन बसते. २०१५ साली, ज्या वर्षी ग्रेव्हज गेला त्याच वर्षी, किटलीला तीस वर्षं झाली म्हणून तिची एक नवी आवृत्ती निघाली, तीही त्याचीच. शंकूसारखं धड तेच ठेवलं, आणि चोचीच्या जागी शिट्टी मारायला एक हिरवा ड्रॅगन बसवला.